आधार कार्डाला मुदत नसते, डागडुजी मात्र लागते



मृग लागायला चार दिवस होते. बियाण्यांच्या दुकानांवरचे काम आटोपून मी बोईसर स्टेशनाबाहेर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात मनोरकडच्या एका पाड्यातले ओळखीचे शेतकरी दिसले. खांद्यावर टॉवेल, हातात प्लास्टिकची पिशवी आणि चेहरा पार उतरलेला. मला वाटले, घरी कोणी आजारी असेल. विचारले तर म्हणाले, "साहेब, कार्ड बाद झालं. दहा वर्षं झाली ना त्याला. नवीन करून द्यायला पाचशे घेतले."

"कोणी घेतले?"

"तो काय, झाडाखाली टेबल टाकून बसतो तो."

"पावती?"

पावती नव्हती. राबाच्या तयारीचा एक दिवस मोडला होता, जाण्यायेण्याचे भाडे गेले होते, आणि पाचशे रुपये अशा माणसाच्या खिशात गेले होते ज्याचे नावही यांना ठाऊक नव्हते. टेबलाकडे जाऊन पाहिले, तर टेबल होते, माणूस जेवायला गेला होता.

एरवी या पानावर मी तुमच्याशी राब, बियाणे, तुडतुडे, करपा यांबद्दल बोलतो. आज कागदाबद्दल बोलणार आहे. कारण खरे सांगायचे तर अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या गाऱ्हाण्यांत किडीची कमी आणि कागदाची जास्त असतात. कोणाचा पी.एम. किसानचा हप्ता थांबला, कोणाच्या घरच्या लाडक्या बहिणीचे दीड हजार आले नाहीत, कोणाचा शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही. खोलात गेले की दहांतल्या सात-आठ वेळा गाडी आधार कार्डावर येऊन थांबते.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की धरा. आधार कार्डाला मुदत नसते. वाहन चालवायच्या परवान्यासारखे किंवा पासपोर्टासारखे ते अमुक तारखेला संपत नाही. मिळालेला बारा आकडी क्रमांक जन्मभर तोच राहतो. "नूतनीकरण करून देतो" असे कोणी म्हणाला, तर तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड आहे.

मग ही दहा वर्षांची आवई उठली कुठून? तीही अगदी हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आधारच्या नियमांत एक दुरुस्ती झाली. ज्यांचे आधार काढून दहा वर्षे झाली त्यांनी आपल्या ओळखीचा एक कागद व पत्त्याचा एक कागद पुन्हा दाखवून नोंद ताजी करून घ्यावी, असे त्यात सुचवले आहे. सुचवले आहे, सक्ती केलेली नाही. आणि तसे न केल्यास कार्ड बाद होते असे तर कुठेच म्हटलेले नाही. पण ऐकणाऱ्याने अर्धे ऐकले, सांगणाऱ्याने पाऊण वाढवले, आणि झाडाखालच्या टेबलाचा धंदा सुरू झाला.

तरीपण ही नोंद ताजी करून घ्या, असेच मी तुम्हाला सांगेन. ज्या साली आपल्याकडे शिबिरे लागली त्या साली काय धांदल होती ते आठवा. आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर शाळांतून, ग्रामपंचायतींच्या ओट्यांवरून शिबिरे झाली. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे त्या काळात काढलेल्या कित्येक कार्डांवर अजून जिल्हा ठाणे असाच छापलेला आहे. त्याने कार्ड खोटे ठरत नाही, घाबरू नका. पण गर्दीत बसलेल्या बाहेरगावच्या पोराने ऐकू आले तसे नाव टंकले, वय अंदाजाने घातले, पाड्याचे नाव गाळले. आपणही समोरच्या पडद्याकडे न पाहता अंगठा दिला. ती चूक आज दहा-बारा वर्षांनी हप्ता अडवते आहे.

शेताच्या बांधाला कुठे मुदत असते? पण दर उन्हाळ्यात आपण त्याची डागडुजी करतोच. खेकड्याने पाडलेले भोक वेळेवर बुजवले नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात बांध वाहून जातो. आधारचे तसेच आहे. कार्ड तेच राहते, माणूस बदलतो. मूल वाढते, मुलगी सासरी जाते, मोबाईलचा नंबर बदलतो, आणि हाताची बोटे झिजतात.

बोटांचीच गोष्ट आधी सांगतो, कारण ती माझ्या घरातली आहे.

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे तिला कुटुंबाचे निवृत्तिवेतन मिळते, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी सहीवर भागत असे. एके वर्षी तिला एका केंद्रावर यंत्रावर बोट ठेवायला सांगितले. उजवा अंगठा ठेवला, नाही. डावा ठेवला, नाही. एकेक करून दहाही बोटे झाली. तिथला मुलगा वैतागून म्हणाला, "आजी, तुमचे ठसेच नाहीत." आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र ओटीवर बसून हात उलटेपालटे करून पाहत म्हणाली, "साठ वर्षं या हातांनी भात लावला, आता हेच हात सांगतात मी ती नव्हेच."

मी कृषी पदवीधर माणूस, पण त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा सारे उमगले. बोटाच्या टोकावरच्या बारीक रेघा म्हणजे कातडीवरच्या वरंब्या आणि सऱ्या. यंत्र त्या वाचते. आता ज्या बाईने जन्मभर चिखलात लावणी केली, विळ्याने कापणी केली, राखेने भांडी घासली, तिच्या त्या वरंब्या सपाट होणारच. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बायका मीठ आणि बोंबील हाताळतात, त्यांचे तेच. मिठागरात राबणारे, वीटभट्टीवर माती मळणारे, चिंचणीच्या बाजूला दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने हाताळणारे कामगार, या सगळ्यांचे तेच. कार्यालयात बसून सही करणाऱ्याचे ठसे झटकन उमटतात. जो जास्त राबतो त्यालाच यंत्र ओळखत नाही, हा उलटा न्याय मला आजही खटकतो.

पण उपाय आहेत, आणि ते माहीत असायला हवेत. कातडी नव्याने येत असते. म्हणून लावणीच्या ऐन दिवसांत ठसे द्यायला जाऊ नका. लावणी आटोपल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्या दिवसांत रात्री झोपताना बोटांच्या टोकांना खोबरेल तेल चोळा. जाण्याच्या दिवशी मात्र तेल लावू नका, हात साबणाने धुऊन पुसा, आणि बोट फारच कोरडे वाटले तर ओल्या फडक्यावर टेकवून मग यंत्रावर ठेवा. मेंदी असेल, चिरा पडल्या असतील, जखम असेल, तर थांबा. आईला आम्ही असेच एका महिन्याने आधार केंद्रावर नेले आणि दहाही बोटे व दोन्ही डोळे नव्याने नोंदवून घेतले. पुढच्या नोव्हेंबरात तिची उजव्या हाताची करंगळी चालली. कोणते बोट चालते ते आता घरात सर्वांना पाठ आहे. तुम्हीही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चालणारे बोट कोणते, ते एकदा शोधून ठेवा.

बोट नाहीच चालले, तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटते. नोंदलेल्या मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांवरूनही पटते. पी.एम. किसानच्या पडताळणीसाठी तर २०२३ पासून चेहऱ्यावरूनही काम होते. शेजारचा एखादा शिकलेला मुलगा मोबाईल घेऊन बसला, तर घरच्या ओटीवर होते. ज्याची बोटे यंत्रात तुटली आहेत, असे कामगार बोईसर भागात कमी नाहीत. त्यांनाही आधार नाकारता येत नाही. बोटे नसतील तर डोळ्यांवर, डोळेही घेता येत नसतील तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो यांवर नोंद करायची तरतूद आहे. "बोटे नाहीत, आधार होणार नाही" असे कोणी म्हणाले, तर तसे लिहून मागा. लिहून मागितले की बहुतेकांची भाषा बदलते.

आता मुलांकडे वळू. इथे सर्वांत जास्त हयगय होते. पाच वर्षांखालच्या मुलाचे निळे कार्ड निघते. त्याचे ठसे घेत नाहीत, आईबापांपैकी एकाच्या आधारवर ते उभे असते. त्यासाठी जन्माचा दाखला लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच चालतो, दुसरे काही नाही. म्हणून बाळंतपण घरी झाले असेल, तर ग्रामसेवकांकडे एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण वही तीच आहे. नंतरही नोंद होते, पण विलंबाचे शुल्क आणि हेलपाटे मागे लागतात.

मूल पाच वर्षांचे झाले की पहिल्यांदा बोटे, डोळे आणि फोटो द्यायचे. पंधरा वर्षांचे झाले की दुसऱ्यांदा. पहिले काम पाच ते सात आणि दुसरे पंधरा ते सतरा या वयात केले, तर पैसा पडत नाही. मधल्या, म्हणजे सात ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीही १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्षापुरते हे फुकट केलेले आहे. सात वर्षे उलटली आणि ठसे दिलेच नाहीत, तर ते आधार निष्क्रिय होऊ शकते. मग पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी शाळेतून निरोप येतो आणि आपण भाताची झोडणी टाकून धावतो. पोराची बारावी आणि पोरीची शिष्यवृत्ती या दोन गोष्टी ऐनवेळी अडू नयेत, म्हणून पाचवा आणि पंधरावा वाढदिवस घराच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा. मात्र आधार नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला, तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आहे.

ज्याचे अजून एकदाही आधार निघालेले नाही असा मोठा माणूस घरात आहे का? आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, कातकरी वस्त्यांत, असे लोक अजून सापडतात. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते, आणि शिबिर गावात येते तेव्हा गावात कुत्रेसुद्धा नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. जनमन योजनेत कातकरी समाज आहे, आणि त्यात वस्तीवर येऊन कागद करून देण्याचे काम होते. आपल्या वस्तीवर ते पथक कधी येणार, हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. अठरा वर्षांवरील माणसाचे पहिले आधार आता सगळ्याच केंद्रांवर काढत नाहीत, ठराविक केंद्रांवर काढतात. नंतर राज्य सरकारकडून त्याची पडताळणी होते, त्यात काही महिने जाऊ शकतात. म्हणून हे काम भट्टीवरून परतल्याबरोबर, पावसाच्या तोंडी सुरू करा. पहिले आधार काढणे पूर्णपणे मोफत आहे. तिथे एक रुपयाही द्यायचा नाही.

भट्टीवर किंवा कारखान्यात जाणारे एक प्रश्न नेहमी विचारतात, दर हंगामाला पत्ता बदलायचा का? मुळीच नाही. गावचा पत्ता ठेवा. आधारचा क्रमांक देशात कुठेही चालतो. रेशनसुद्धा 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत भिवंडी-वसईच्या दुकानात उचलता येते, फक्त घरातल्या माणसांचे आधार शिधापत्रिकेला जोडलेले हवे. पत्ता खरोखरच कायमचा बदलला, तर तो कितीही वेळा बदलता येतो. घराच्या भाड्याचा करार नसेल, तर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून त्याच्या संमतीने बायकामुलांचा पत्ता लागतो.

नावाचे मात्र तसे नाही. नाव जन्मात दोनदाच बदलून मिळते. जन्मतारीख एकदाच. तेव्हा ही संधी भातुकलीसारखी उधळू नका. आधी घरातले सगळे कागद एका चटईवर मांडा. सातबारा, बँकेचे पुस्तक, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, मतदार कार्ड. प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचा. एकावर काशिनाथ, दुसऱ्यावर काशीराम, तिसऱ्यावर नुसते काश्या, असे आढळेल. माझ्या पाहण्यात एकाच माणसाची चार नावे आली आहेत. त्यांतले कोणते बरोबर ते ठरवा, आणि मग जे चुकले असेल ते दुरुस्त करा. प्रत्येक वेळी आधारच चुकलेले असते असे नाही. सातबाऱ्यावर लिहिताना चूक झाली असेल, तर ती महसूल कायद्याच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. अर्ज तलाठ्यांना दाखवा. त्यांनाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, तर असो.

हे मी इतके घोळवून सांगतो याला कारण आहे. १५ एप्रिल २०२५ पासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढताना सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव समोरासमोर ठेवून तपासले जाते. दोन भाऊ शेजारी शेजारी बसून अर्ज करतात, एकाचे झटकन होते, दुसऱ्याचे अडते, आणि मग "साहेबांनी त्याचे केले, माझे नाही" असा समज होतो. साहेबांचा त्यात काही संबंध नसतो, एका वेलांटीचा असतो.

जन्मतारखेची गंमत तर वेगळीच. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जून महिन्याचा हिशेब धरून तारीख टाकून दिली, आणि गावेच्या गावे एका दिवशी जन्माला आली. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांचे आधारवर नुसते साल असते. याने पोटाला काही होत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे आणि नागरिकत्वाचाही नव्हे. तो या माणसाचा हा क्रमांक, एवढेच सांगतो. म्हणून शाळेचा दाखला, जन्मदाखला, जातीचा दाखला यांची किंमत आधार आल्याने कमी झालेली नाही. ते जपून ठेवा, उंदीर आणि वाळवी यांना आधार आणि जन्मदाखला यांतला फरक कळत नाही.

सासरी गेलेल्या मुलींबद्दल दोन शब्द. लग्न झाले की लगेच नाव बदलायला धावू नका. विवाहनोंदणीचा दाखला हातात घेऊन मगच जा. तो ग्रामपंचायतीत मिळतो. आपल्या वारली व कातकरी कुटुंबांत खर्च परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी वर्षानुवर्षे संसार करतात आणि मग सामुदायिक विवाहात, कधी कधी आपल्या मुलांसमोर, हळद लावतात. त्यांनी त्या दिवशीच नोंदणी करून घ्यावी, म्हणजे बायकोच्या कार्डावर बापाचे नाव आणि शिधापत्रिकेवर नवऱ्याचे, ही ओढाताण संपेल. जिला माहेरचेच नाव ठेवायचे असेल तिने ते खुशाल ठेवावे. तसे कायद्याने बदललेच पाहिजे असे काही नाही, पण मग बँकेतही तेच ठेवावे.

आता मोबाईल. स्वस्तातले सिम मिळाले की जुना नंबर फेकून द्यायची आपल्याला सवय लागली आहे. काही महिन्यांनी तो नंबर कंपनी दुसऱ्या कोणाला तरी देते, आणि तुमच्या आधारचे गुप्त आकडे त्याच्याकडे जाऊ लागतात. नंबर बदलला की पहिले काम केंद्रावर जाऊन आधारवर नवा नंबर चढवण्याचे. त्याला कागद लागत नाही, बोट पुरते. आणि घरातल्या पाच जणांच्या आधारला मुंबईला कामाला गेलेल्या थोरल्याचा नंबर देऊ नका. तो कामाच्या पाळीवर असतो, इकडे केंद्रावर आई आकड्यांची वाट पाहत बसते.

पैसे कुठल्या खात्यात जातात, हाही असाच घोळ आहे. सरकारी रक्कम खाते क्रमांकावर जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आणि तुमची दोन-तीन खाती असली, तर जे खाते सर्वांत शेवटी जोडले त्यात जाते. एका गावात तीन बहिणी "पैसे आले नाहीत" म्हणून रडत होत्या. पैसे आले होते, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी दारावर येऊन उघडून दिलेल्या, आठवणीतूनही गेलेल्या खात्यात ते साठून बसले होते.

यावरून अंगठ्याची गोष्ट निघते. बँकमित्राकडे अंगठा देऊन पैसे काढता येतात, ही फार सोय झाली. पण अंगठा म्हणजे आता सही आहे आणि तिजोरीची किल्लीही आहे. "नाही लागला, परत द्या" असे म्हणून दोनदा-तीनदा अंगठा घेतला, तर दर वेळी यंत्रावर काय लिहून आले ते विचारा. छापील पावती घ्या. किती काढले, किती उरले ते वाचता येत नसेल, तर शाळेत जाणारा नातू बरोबर न्या. धान्य वाटतो, पेन्शन मिळवून देतो, सर्वेक्षण आहे, असे म्हणत गावात कोणी यंत्र घेऊन आला, तर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी बरोबर असल्याशिवाय बोट लावू नका. ज्यांना अंगठ्याने पैसे काढायचेच नसतात त्यांना आपले ठसे आधारच्या संकेतस्थळावरून कुलूप लावून ठेवता येतात. लागतील तेव्हा उघडायचे.

आणि समजा सारे करूनही यंत्र "नाही"च म्हणाले, रेशन दुकानदाराने हात वर केले, तर? तर परत फिरू नका. २०१६ च्या आधार कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलेले आहे की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही, त्याला दुसऱ्या ओळखीवर लाभ द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी दुसऱ्या माणसाचे नाव नोंदवून धान्य उचलता येते. दुकानदाराने ऐकले नाही तर तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षकाकडे साध्या कागदावर अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

दराचेही सांगून ठेवतो, कारण पाचशेची गोष्ट तिथूनच सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, मोबाईल यांसारखी दुरुस्ती ७५ रुपये, आणि बोटे-डोळे-फोटो नव्याने द्यायचे तर १२५ रुपये. १२५ रुपयांच्या कामाबरोबरच पत्ता किंवा नंबर बदलून घेतला, तर त्याचे वेगळे ७५ पडत नाहीत, म्हणून दोन्ही कामे एकाच फेरीत उरका. केंद्रे पोस्टात, काही बँकांत, तहसील कार्यालयाच्या आवारात असतात. सकाळी लवकर जा, मूळ कागद न्या. टंकणाऱ्याने नाव घातले की पडदा आपल्याकडे वळवायला सांगा, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही वाचून घेतल्याशिवाय बोट लावू नका. पावती मिळते, तिच्यावर लांबलचक नोंदणी क्रमांक असतो. काम होईपर्यंत ती मीठ-मिरचीच्या डब्यात नव्हे, ट्रंकेत ठेवा. जास्त पैसे मागितले, काम अडवले, तर १९४७ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि आकडा स्वातंत्र्याच्या सालाचा असल्यामुळे विसरायची भीती नाही.

त्या दिवशी मनोरच्या त्या शेतकऱ्यांना मी परत त्या टेबलापाशी नेले. माणूस जेवून आला होता. मी माझे ओळखपत्र काढले नाही, नुसते विचारले, "पावती देता का?" त्याने इकडे तिकडे पाहिले, आणि तीनशे रुपये परत केले. दोनशे "खर्च झाले" म्हणाला. आमची एस.टी. निघून गेली होती, म्हणून आम्ही दोघे टमटमने पालघरला आलो. त्यांचे कार्ड पाहिले तर त्यात काहीही बिघडलेले नव्हते, नावही सातबाऱ्याशी तंतोतंत जुळत होते. फक्त पिशवीत तळाशी नातवाचे निळे कार्ड होते. नातू सहा वर्षे आठ महिन्यांचा.